तीनदा नको

८ जानेवारी, बुधवार

आजपासून माझं ‘नको’ म्हणजे नको आणि ‘हो’ म्हणजे हो. लिहूनच ठेवतो, म्हणजे उद्या मलाच मागे फिरता येणार नाही.

झालं असं की नाताळाआधी लादनचा फोन आला. "बाबा, आम्ही आठवडाभर समुद्रावर जातोय. तुम्ही येता का?" मी म्हटलं, "छे गं, मी कशाला तुमच्यात लुडबूड करू?" ती म्हणाली, "बरं, मग काळजी घ्या." संपला विषय! आठ दिवस मी या खोलीत एकटा. खिडकीबाहेर हाम्बुर्गचं मळकं आभाळ आणि टीव्हीवर कुणीतरी सतत नाचतंय. काल ती भेटायला आली तेव्हा तोंड फुगवून बसलो, तर मलाच म्हणते, "तुम्हीच नको म्हणालात की!"

"अगं, एकदा म्हटलं. एकदाच म्हटलेलं नको हे काय नको असतं?"

"बाबा, मी इथे वाढलेय. तुमचा जावई येन्स तर इथलाच. आम्हाला दुसऱ्यांदा विचारायचं सुचतच नाही."

पोरीचं काय चुकलं? ही आमची इराण्यांची तारोफची खोड. ताट पुढे आलं की तीनदा नको म्हणायचं, समोरच्यानं आग्रह करत राहायचं, मग अगदी नाइलाज झाल्यासारखं तोंड करून भरपेट जेवायचं. तीनदा नको म्हणजे दार सताड उघडं, हे आमच्यात शेंबड्या पोरालाही कळतं. इथे मात्र पहिल्याच नकोला दार लागतं. चाळीस वर्षं या गावात गालिचे रफू केले, फाटलेलं कुठून सुरू होतं ते बोटांनी ओळखायचो, आणि एवढी साधी गोष्ट कळायला मला एकाहत्तरावं वर्ष लागलं.

लादनला तेवढं सांगितलं, "यापुढे माझं नको खरं धर." ती खूश झाली. बाकी कुणाला सांगणार नाही. उगाच चेष्टा नको.

९ जानेवारी, गुरुवार

‘सर्वेस्तान’ या इराणी खानावळीत जेवलो. गुरुवारचं जेवण तिथेच, चौतीस वर्षं झाली. माझी बायको माहीन होती तेव्हा दोघं जायचो, गेली चार वर्षं मी एकटा. सातच्या सुमारास मालक, म्हणजे फरामर्ज, स्वयंपाकघर स्वयंपाकीण गोलनार खानुमच्या हवाली करतो, एप्रन सोडतो आणि माझ्यासमोर येऊन बसतो. त्याला बायको नाही, पोर नाही. एक बहीण तिकडे शिराजला, तिचे गुडघे गेलेले.

आज मेंढीच्या मांसाची हिरवी भाजी होती, वाळवलेली लिंबं घातलेली. केशरभात. आणि मधल्या ताटलीत पातेल्याच्या बुडाची खरवड. ही खरवड म्हणजे आमचा जुना तमाशा. शेवटचा तुकडा उरला की मी म्हणतो तुम्ही घ्या, तो म्हणतो माझ्या जिवाची शपथ, तुम्हीच घ्या. ताटली टेबलभर फिरते. शेवटी गोलनार खानुम येते, "बसा दोघं म्हातारे भांडत" म्हणते आणि तुकडा स्वतःच्या तोंडात टाकते. ती रश्तहून यायच्या आधी तो मागच्या अंगणातल्या मांजराला जायचा.

आज फरामर्ज म्हणाला, "घ्या इरजआगा." मी घेतला. कुर्रकन चावला.

ताटली सरकवायला पुढे आलेला त्याचा हात तिथेच राहिला. "तब्येत बरी आहे ना तुमची?"

"उत्तम."

दारातून गोलनार खानुम ओरडली, "या अल्ला! माझा घास गेला की!" तिघंही हसलो. फरामर्ज जरा जास्तच हसला आणि मग पोट धरून गप्प बसला. हसून हसून दुखायला लागलं म्हणाला.

१६ जानेवारी, गुरुवार

आज जरा अतीच झालं. निघताना पाकीट काढलं. फरामर्जनं नेहमीसारखा छातीवर हात ठेवला, "राहू द्या हो, तुमच्यापुढे याची काय किंमत!" मी पाकीट खिशात टाकलं. "बरं, आभारी आहे." आणि चालायला लागलो. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

बसथांब्यापर्यंत गेलो आणि पाय उचलेना. परत फिरलो, मागच्या दारानं जाऊन गोलनार खानुमच्या हातात पैसे कोंबले.

"काय चाललंय तुमचं? डोक्यावर पडलात का कुठे?" ती म्हणाली.

एवढं खरं बोलणं अजून अंगवळणी पडलेलं नाही. बिलाच्या बाबतीत जुनंच ठेवायचं ठरवलं.

२६ जानेवारी, रविवार

लादननं जेवायला बोलावलं आणि मी पहिल्या झटक्यात हो म्हटलं. येन्सनं "आणखी बटाटे?" विचारलं, मी म्हटलं, "हो, दोन." बिचारा किती खूश झाला! इतकी वर्षं त्याला वाटत होतं की सासऱ्याला त्याच्या हातचं आवडत नाही.

मार्चमध्ये ते पुन्हा समुद्रावर जाणार आहेत. "येता?" "येतो." बस, एवढंच. किती सोपं असतं जगणं! माहीनला हे दाखवायला हवं होतं.

३० जानेवारी, गुरुवार

फरामर्जनं वजन उतरवलंय. पट्ट्याला नवीन भोक पाडलंय, गालफडं वर आलीत. या वयात असं जमायला मनाचा निग्रह लागतो. मी तसं म्हटलंही. तो हसला, "हो, जरा कमी खातो हल्ली." खरोखरच भात चिवडत होता. मी माझ्या पोटाकडे बघून शरमलो आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

गोलनार खानुम आज कुणाशी बोलत नव्हती. भांडी आपटत होती. दोघांचं काहीतरी बिनसलेलं दिसतंय.

६ फेब्रुवारी, गुरुवार

फरामर्ज म्हणाला, मंगळवारी इस्पितळात बोलावलंय, नळी घालून पोट बघणार आहेत. किरकोळ आहे म्हणाला.

"मी येऊ सोबत?"

"छे छे, तुम्हाला कशाला त्रास."

पूर्वीचा मी असतो तर लगेच सुरू झालो असतो, असं कसं, तसं कसं, माझ्या मेलेल्या आईची शपथ. आज नुसतं "बरं" म्हटलं. त्यानं समोवारच्या तोटीतून चहा ओतून घेतला आणि खडीसाखर गालात धरून प्यायला.

घरी येताना जुनं आठवलं. माहीन शेवटी इस्पितळात होती तेव्हा मी फरामर्जला बजावलं होतं, येऊ नका. एकदा नाही, तीनदा. "दुकान सोडून कशाला येता, मी आहे ना." तरी आला. अकरा दिवस, रोज दुपारी, थर्मास आणि काचेचे दोन पेले घेऊन. खोलीबाहेरच्या लोखंडी खुर्चीवर बसायचा. धड बोलायचाही नाही, नुसता चहा ओतायचा. माहीन गेली तेव्हाही तिथेच होता, मला त्यानंच धरून उठवलं. मायेचा माणूस आहे, नाही कोण म्हणतं? पण आता विचार केला तर हा अडाणीपणाच. माणूस नको म्हणतोय तर त्याचं ऐकावं की नाही? मी त्याच्याशी असं वागणार नाही. त्याच्या शब्दाचा मान ठेवीन.

२० फेब्रुवारी, गुरुवार

ऑपरेशन करायचं ठरलंय. १० मार्च, सोमवार. पोटात एक गाठ आहे, ती काढून टाकायची. "पायातला काटा काढतात तसं," फरामर्ज म्हणाला.

१० मार्चला मी लादनकडच्यांबरोबर समुद्रावर असणार. तरी विचारलं, "मी राहतो. समुद्रावर पुढच्या वेळी जाईन."

"नको नको. मुलीनं एवढ्या हौसेनं बोलावलंय."

"समुद्र कुठे पळून जातोय?"

"नको हो. तुम्ही जा, हवा खा."

आता मात्र मला स्वतःची परीक्षा घ्यावीशी वाटली. त्याच्या डोळ्यात बघून म्हटलं, "फरामर्जआगा, तारोफ बाजूला ठेवा. खरंच नको?"

त्यानं रुमालानं मिशा पुसल्या. "खरंच नको. तुमच्या जिवाची शपथ."

तीनदा विचारलं, तीनदा नको म्हणाला. आता आणखी काय विचारायचं? माझ्या मनावरचं ओझं उतरलं. खरं सांगायचं तर मला इस्पितळाचा तो वास नकोच होता. माहीननंतर त्या पायऱ्या मी चढलेलो नाही. पण हे कारण नाही. कारण हे की तो नको म्हणाला.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

फरामर्ज आज उगाचच सगळं सांगत बसला. सकाळी सातला दाखल व्हायचं, तिसरा मजला, लिफ्टमधून निघालं की उजवीकडे. नऊच्या सुमारास आत नेतील. आपल्या कोपऱ्यावरची बस थेट दारात थांबते.

मी म्हटलं, "मग तुम्हाला बरंच सोयीचं आहे."

"हो, सोयीचं आहे," तो म्हणाला.

गोलनार खानुमनं माझ्यापुढे ताकाचा पेला असा आदळला की अर्धं टेबलावर.

६ मार्च, गुरुवार

फरामर्जनं आज स्वतः रांधलं. गोलनार खानुमला आतून बाहेर काढलं आणि दोन तास शेगडीशी उभा राहिला. आंबट चेरीचा भात केला, माहीनला आवडायचा तो. इतका सुरेख भात मी त्या ठिकाणीही वर्षानुवर्षं खाल्ला नव्हता. खरवड अख्खी निघाली, ताटाएवढी. त्यानं ती मोडलीसुद्धा नाही, सगळीच्या सगळी माझ्याकडे सरकवली.

"घ्या."

"तुम्ही?"

"मला आज बंदी आहे. सगळी तुमची."

मी सगळी खाल्ली. तो समोर हाताची घडी घालून बघत होता, आजी नातवाकडे बघते तसा. काहीतरी वेगळं वाटलं मला, पण काय ते सांगता येणार नाही. शेजारच्या टेबलावर कुणाचा तरी वाढदिवस होता, टाळ्या चालल्या होत्या.

दारात त्यानं मिठी मारली. हाडं लागली. म्हणाला, "सोमवारी..." आणि थांबला.

"मंगळवारी फोन करतो," मी म्हटलं. "सोमवारी तुम्ही झोपेतच असाल."

"हो हो. समुद्राला माझा सलाम सांगा."

१० मार्च, सोमवार. समुद्रावर

सकाळी वाऱ्यात चालून आलो. येन्सनं मला त्याची लोकरी टोपी दिली, मी लगेच घेतली.

अकराला गोलनार खानुमचा फोन आला. "कसे आहेत? आत नेलं का? त्यांचा फोन बंद लागतोय."

"मला काय माहीत?" मी म्हटलं.

"म्हणजे? तुम्ही कुठे आहात?"

"समुद्रावर. लादनबरोबर."

पलीकडे भांडं आदळल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "ते मला म्हणाले, इरजआगा असणार आहेत, तू स्वयंपाकघर सोडू नकोस."

"असं कसं म्हणतील? मला तर नको म्हणाले. तीनदा."

"तीनदा," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

काहीतरी गोंधळ झाला असेल. गोलनार खानुम कधी अर्धवट ऐकते. दुपारपासून मला बरं वाटत नाहीये, मासळी बाधली बहुतेक. लादनला म्हटलं, मला गाडीत बसवून दे. ती म्हणाली, उद्या सकाळची पहिली गाडी.

११ मार्च, मंगळवार

इस्पितळात गेलो. तिसरा मजला, लिफ्टमधून उजवीकडे. काचेतून बघू दिलं. नळ्याच नळ्या. सबंध पोटात पसरलं होतं म्हणाले, उघडलं आणि तसंच शिवलं. तो शुद्धीवर आला नाही.

गोलनार खानुम बाहेर बसली होती. सरकून तिनं जागा दिली. संध्याकाळपर्यंत दोघं बसून होतो. मी थर्मास नेला नव्हता. सुचलंच नाही.

१३ मार्च, गुरुवार

काल पहाटे फरामर्ज गेला.

आज इराणी वर्षातला शेवटचा गुरुवार, आमच्याकडे मेलेल्यांना भेटायचा दिवस. माहीनकडे जायचं होतं. गेलो नाही.

१७ मार्च, सोमवार

काल पुरलं. ओल्सडॉर्फच्या कबरस्तानात, माहीनपासून चार ओळी सोडून. तीसेक माणसं होती. शिराजहून बहीण फोनवर रडत होती, गोलनार खानुमनं फोन मातीजवळ धरला होता.

नंतर ‘सर्वेस्तान’मध्ये खजूर आणि हलवा वाटला. सगळे गेल्यावर गोलनार खानुम माझ्यासमोर, त्याच्या खुर्चीत बसली. म्हणाली, "तुम्हाला सांगू की नको, चार दिवस विचार करतेय. पण मी एकटीनं हे घेऊन बसणार नाही."

सोमवारी सकाळी जी नर्स होती तिनं तिला सांगितलं. फरामर्जच्या पलंगाशी एक खुर्ची होती. दुसऱ्या रुग्णाच्या लोकांना खुर्ची कमी पडली म्हणून नर्स ती उचलायला गेली, तर यानं खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून ती धरली. म्हणाला, नका नेऊ, माझा मित्र येतोय. आठ वाजले, साडेआठ झाले. नर्स म्हणाली, अहो, तुमचे मित्र काही येत नाहीत वाटतं. तर म्हणाला, "येणार म्हणजे येणारच. मी त्याला तीनदा नको म्हटलंय."

नर्सला वाटलं, औषधानं भ्रम झालाय. तिनं वहीत तसं लिहूनही घेतलं. नऊला त्याला आत नेलं तेव्हा खुर्चीवर त्याचा कोट ठेवून गेला, जागा धरायला.

गोलनार खानुमनं पिशवी पुढे केली. कोटाबरोबर मिळालेली. आत थर्मास आणि कागदात गुंडाळलेले दोन पेले.

मी नीच माणूस आहे. त्याच्या शब्दाचा मान वगैरे सगळं थोतांड. मला त्या पायऱ्या चढायच्या नव्हत्या, आणि त्याचं नको मला हवंच होतं. चौतीस वर्षांत तो एकदाही मला खरोखरचं नको म्हणाला नव्हता, आणि हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी या गावचा कधीच नव्हतो. नेमकं जायचं जिवावर आलं त्याच वेळी या गावचा झालो.

गोलनार खानुम म्हणाली, "खा काहीतरी." मी नको म्हटलं. तिनं ताट वाढून आणलं आणि पुढ्यात ठेवलं. मी खाल्लं.

२० मार्च, गुरुवार. नवरोज

सकाळी दहाला वर्ष बदललं. मी नवरोजचं सात जिनसांचं काही मांडलं नव्हतं. लसूण, सफरचंद, काही नाही. आरशासमोर दाढी करत होतो, तेवढ्यात रेडिओवर वर्ष बदलल्याची तोफ वाजली.

साडेदहाला लादनचा फोन. "नवरोज मुबारक, बाबा. आज काय करणार?"

"ओल्सडॉर्फला जाऊन येतो. फरामर्जकडे."

"एकटे?" तिनं विचारलं. "मी येऊ का? रजा टाकते."

"छे गं, तू कशाला कामधंदा सोडून."

"नक्की ना? तुम्हीच म्हणालात, माझं नको खरं धर, म्हणून विचारते. नको म्हणजे नको?"

जीभ कशी वळते बघा. म्हटलं, "नको म्हणजे नको."

"बरं बाबा. काळजी घ्या. रविवारी या जेवायला."

गोलनार खानुमनं काल डब्यात मासे आणि पालेभात दिला होता, तळाला खरवड घालून. तो घेतला. थर्मास भरला. पेले त्याचेच. लादनच्या बाल्कनीतल्या दोन घडीच्या खुर्च्या माझ्याकडे पडून होत्या, त्या दोन्ही काखेत मारल्या. बसमध्ये लोक बघत होते.

मातीवरची फुलं काळी पडलीत. एका बाजूला एक खुर्ची उघडली, तिच्या शेजारी दुसरी. चहा ओतला. त्याला म्हटलं, "नको म्हणालात तरी आलो बघा." मग तिथेच बसून बायकांसारखा रडलो, कुणी बघत नव्हतं. खरवड मऊ पडली होती. अर्धी मोडून त्याच्यासाठी ठेवली, कावळ्यांनी नेली.

दुसरी खुर्ची रिकामीच होती. मुख्य फाटक तिथून लांब नाही, येणारं माणूस नीट दिसतं. एकदा निळा कोट दिसला, लादनचा आहे तसा, पण ती कुणी दुसरीच होती. दुपारी वारा सुटला. चहा गार झाला, तरी दुसरा पेला ओतला नाही, थर्मासात राहू दिला. न जाणो, कुणी आलं तर गरम लागेल.

सहाला फाटक बंद करायला माणूस आला. त्यानं विचारलं, "आणखी कुणी यायचंय का तुमचं?"

मी म्हटलं, "नाही." आणि खुर्च्या मिटल्या.